विषाणूचे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देते का, हे कसे तपासावे

एचआयव्हीचे टॅट हे प्रथिन जेमतेम ८६ ते १०१ अमिनो आम्लांचे असते. संसर्ग झालेल्या पेशीच्या केंद्रकात राहून विषाणूच्या जनुकांचे प्रतिलेखन वाढवणे हे त्याचे मूळ काम. परंतु ते पेशीबाहेरही पाझरते आणि विषाणूचा संसर्ग न झालेल्या शेजारच्या पेशींवरही परिणाम करते. कापोसी सार्कोमा या रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी निगडित कर्करोगाच्या गाठींतून वाढवलेल्या पेशी बाहेरून दिलेल्या टॅटमुळे जोमाने वाढतात, हे १९९० मध्ये दाखवले गेले. पुढे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातील पेशींवरचा व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या घटकाचा ग्राही आणि इंटेग्रिन (पेशीला आधाराशी जोडणारी प्रथिने) यांना ते चिकटते, तसेच मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींना आपल्याकडे ओढून घेते, हेही स्पष्ट झाले. रक्तवाहिन्या वाढवणे आणि मोनोसाइट ओढणे हे दोन्ही गुण तपासण्याच्या चाचण्या तशा सोप्या आहेत. दिसलेला परिणाम प्रथिनाचाच आहे, त्याच्यासोबत आलेल्या अशुद्धीचा नाही, याची खात्री करणे मात्र अवघड असते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

बाजारात मिळणारे टॅट बहुधा ई. कोलाय या जीवाणूत तयार केलेले असते. त्यात जिवंत विषाणू नसल्यामुळे संसर्गाची भीती नसते. पण जीवाणूच्या भित्तिकेतले एंडोटॉक्सिन हे विष अत्यल्प प्रमाणात उरले, तरी मोनोसाइट खवळतात. प्रयोगापूर्वी एलएएल या एंडोटॉक्सिन मोजण्याच्या चाचणीने त्याचे प्रमाण मोजावे आणि एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन बी घातलेला एक स्वतंत्र गट ठेवावा. उकळलेल्या प्रथिनाचाही गट ठेवण्याची पद्धत आहे, कारण एंडोटॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही आणि उकळूनही परिणाम तसाच राहिला तर संशय त्याच्यावरच जातो. मात्र टॅटची घडण मुळातच सैल असल्यामुळे केवळ उकळण्यावर विसंबू नये. टॅटविरोधी प्रतिपिंडाने द्रावणातून टॅट काढून टाकणे आणि उरलेले द्रावण पेशींना देऊन पाहणे, हा अधिक भरवशाचा पुरावा आहे.

टॅटमध्ये सिस्टीन भरपूर असल्यामुळे हवेने त्याचे ऑक्सिडीकरण होते. मिळाल्याबरोबर त्याचे लहान लहान वाटे करून उणे ८० अंशांवर ठेवावेत आणि एकदा वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नये. प्लॅस्टिकला चिकटून ते कमी होऊ नये म्हणून बफरमध्ये ०.१ टक्के अल्ब्युमिन हे प्रथिन घालावे. याहून फसवी गोष्ट हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या पदार्थाची आहे. टॅट हेपरिनला घट्ट चिकटते, आणि रक्तवाहिनीच्या पेशी वाढवण्याच्या तयार माध्यमांत पुष्कळदा हेपरिन असते, त्यामुळे सारे काही नियमानुसार करूनही परिणाम शून्य दिसतो. आमचे दोन आठवडे याच कारणाने वाया गेले होते. माध्यमाच्या बाटलीवरची घटकांची यादी आधी कोणी वाचली नव्हती, इतकेच.

पेशी रक्तवाहिन्यांसारख्या नलिकांचे जाळे विणतात का, हे पाहणाऱ्या नलिकांच्या चाचणीसाठी मातेच्या संमतीने मिळालेल्या नाळेच्या शिरेतील पेशी वापराव्यात. फार वेळा उपसंवर्धन झालेल्या (एका भांड्यातून दुसऱ्यात वाढवत नेलेल्या) पेशी टाळाव्यात. वाढीचे घटक कमी केलेले मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारे, गार असताना पातळ राहणारे जेल) रात्रभर ४ अंशांवर बर्फात वितळू द्यावे, पिपेटच्या टिपाही गार ठेवाव्यात, नाहीतर ते टिपेतच थिजते. ९६ खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात ५० मायक्रोलिटर मॅट्रिजेल बुडबुडा न येऊ देता सोडून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवावे आणि त्यावर कमी सीरम असलेल्या, हेपरिनरहित माध्यमातून सुमारे १५,००० पेशी घालाव्यात. टॅट मिलिलिटरला १० ते १०० नॅनोग्रॅमच्या दरम्यान तीन-चार मात्रांत द्यावे. एका गटाला नुसता बफर, एकाला व्हीईजीएफ, आणि एकाला टॅटसोबत थोडे बीएफजीएफ (वाढीचा आणखी एक घटक) द्यावे, कारण ही जोडी एकत्र आल्यावर परिणाम अधिक ठळक होतो. चौथ्या तासापासून पाहू लागावे. दुसऱ्या दिवशी जाळे तुटू लागते. नुसत्या बफरच्या खणातच भरगच्च जाळे दिसले तर पेशी जास्त झाल्या आहेत असे समजून त्यांची संख्या कमी करावी. फांद्यांचे सांधे आणि नलिकांची एकूण लांबी इमेजजे या चित्रे मोजण्याच्या संगणकप्रणालीत मोजावी, आणि कोणत्या खणात काय घातले आहे हे मोजणाऱ्याला कळू देऊ नये.

मोनोसाइटच्या चाचणीसाठी रक्त हेपरिनच्या नव्हे, ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या पदार्थाच्या नळीत घ्यावे. १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (रक्तपेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर) ते अलगद सोडून ब्रेक बंद ठेवून सेंट्रीफ्यूज करावे, मधले धुरकट कडे उचलावे आणि त्यातून मोनोसाइट वेगळे करावेत. मग ५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पडद्यावर पेशी आणि खाली टॅट ठेवून सुमारे दीड तासाने पलीकडे उतरलेल्या पेशी मोजाव्यात. टॅट वर आणि खाली सारखेच ठेवलेला गट चुकवू नये: त्यातही पेशी तितक्याच उतरल्या, तर ते ओढले जाणे नसून नुसती दिशाहीन हालचाल आहे. मात्रा वाढवत नेल्यावर उतरणाऱ्या पेशी आधी वाढून मग घटल्या तर गोंधळू नये. अशा आकर्षणाचा आलेख बहुधा घंटेच्या आकाराचाच येतो.

टॅट रक्तवाहिनीच्या पेशींवर थेट काम करते की मोनोसाइटकडून करवून घेते, हे पाहण्यासाठी टॅट दिलेल्या मोनोसाइटचे एका दिवसानंतरचे माध्यम गोळा करावे, प्रतिपिंडाने त्यातले टॅट काढावे आणि ते मॅट्रिजेलवरच्या पेशींना द्यावे. तरीही जाळे वाढले तर मोनोसाइटच्या स्रावात काहीतरी आहे. त्याच माध्यमात व्हीईजीएफ आणि आयएल-८ (पेशींनी सोडलेले संदेशवाहक प्रथिन) एलायझा या प्रतिपिंडांवर आधारित चाचणीने मोजावेत. येथे पॉलिमिक्सिनचा गट पुन्हा हवाच, कारण एंडोटॉक्सिननेही मोनोसाइट आयएल-८ सोडतात.