स्वयंसेवकांचं नेतृत्व: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये काम करायला संस्था शोधावी लागत नाही. घोडं अडतं ते पुढे. चांगला राबणारा पोरगा दिसला की संस्था सांगते, 'आता या गटाचं तू बघ.' राबणं आणि राबवून घेणं यातला फरक मात्र कुणी शिकवत नाही.

नेतृत्व शिबिरं बरीच होतात. ओळखीचे खेळ, चार्टपेपर, शेवटी गटफोटो. खेळांना माझी ना नाही, पण शिबिर निवडताना एवढंच विचारा: सराव प्रत्यक्ष कामावर करून घेता का?

आमचा सराव अनंत चतुर्दशीला गोदाघाटावर, निर्माल्य संकलनात झाला. गटप्रमुखाला अट एकच, पोत्याला हात लावायचा नाही. फार जड जातं हे! पण हात मोकळे राहिले की दिसतं, कोण दुपारपासून उन्हात उभं आहे, कोण भाविकांशी हुज्जत घालतंय. 'इथे टाकू नका' म्हटलं की माणसं चिडायची. 'काकू, नमस्कार करून घ्या, मग फुलं इकडे, पिशवी तिकडे' म्हटलं की तीच माणसं थर्माकोलही वेगळं काढून द्यायची. हे वाक्य नव्या मुलांकडून आधी म्हणून घ्यायचं, पाठ होईपर्यंत.

दुसरं, पाळी संपायची वेळ पाळा. बिनपगारी माणसाला 'अजून थोडा वेळ थांब' म्हणणं सगळ्यात महाग पडतं. बदली कोण येणार, त्याचं नाव आधीच कागदावर हवं.

कागदांचा कंटाळा करू नका. संस्था सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) असेल तर १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. ते काम तुमचं नाही, पण पावतीपुस्तकाशिवाय रोख देणगी घेतली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

विद्यार्थी असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेतून सुरुवात करा. दोन वर्षांत २४० तास भरतात, वर निवासी शिबिर. २०२७ च्या सिंहस्थात गर्दीतली कामं हवी तेवढी मिळतील, पण पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी तालुक्यांकडे एकदा तरी गट घेऊन जा. भातलावणीच्या दिवसांत तिथे दुपारची बैठक लावलीत तर समोर रिकाम्या सतरंज्या असतील. रात्री जेवणं उरकल्यावरची वेळ घ्या आणि मुक्कामाची सोय आधी बघा.