इंग्रजी उच्चार सुधारताना आधी आघात, मग ध्वनी

कोल्हापुरातल्या अनेक तरुणांचे इंग्रजी व्याकरण पक्के असते आणि शब्दसंग्रहही पुरेसा असतो. तरीही गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलताना किंवा पुण्यातल्या मुलाखतीत समोरचा माणूस तेच वाक्य पुन्हा सांगायला लावतो. याचा दोष आपण आपल्या हेलाला देतो, पण हेल राहिला तरी काही बिघडत नाही. अडचण बहुतेक वेळा आघाताची, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर पडणाऱ्या जोराची, असते आणि म्हणूनच सुधारणेची सुरुवात तिथूनच करावी.

मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर पडला यावर अर्थ अवलंबून नसतो, त्यामुळे आपण सगळी अक्षरे जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत मात्र एक अक्षर ठळक आणि लांब होते, तर बाकीची आखडून बहुधा पुसट 'अ'वर येतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे. 'फोटोग्राफी'त तो दुसऱ्यावर सरकतो आणि उच्चार 'फ-टॉ-ग्र-फी' असा होतो. 'फोटोग्राफिक'मध्ये तो 'ग्रॅ'वर जातो. 'हॉटेल', 'कमिटी', 'कंपोनंट' या रोजच्या शब्दांतही जोर दुसऱ्या अक्षरावर आहे. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात उच्चार ऐकता येतो आणि जोराच्या अक्षराआधी छोटी उभी रेघ दिलेली असते. आपल्या कामातले चार-पाच शब्द रोज तिथे तपासावेत आणि जोराच्या अक्षरावर टेबलावर बोट आपटत ते मोठ्याने म्हणावेत. शेवटी 'शन' येणाऱ्या शब्दांत जोर त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर असतो, एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी 'एज्युकेशन', 'प्रॉडक्शन', 'इन्स्पेक्शन' असे शेकडो शब्द ताळ्यावर येतात.

त्यानंतर ध्वनींकडे वळावे. उद्यमनगरात सतत कानावर पडणारा 'स्पेअर पार्ट' हा जोडशब्द यासाठी उत्तम आहे. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून तो म्हणावा. 'स्पेअर'मधल्या 'प'ला पट्टी जवळजवळ स्थिर राहायला हवी आणि 'पार्ट'मधल्या 'प'ला ती उडायला हवी, कारण जोराच्या अक्षराच्या आरंभी येणारे प, ट, क इंग्रजीत श्वासाच्या झोताबरोबर उच्चारले जातात. हा झोत नसेल तर इंग्रजी कानाला 'पिन'ऐवजी 'बिन' ऐकू येऊ शकते.

'व'चे दोन प्रकारही वेगळे करावे लागतात. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम म्हणताना ओठ गोल होतात आणि दात कुठेच टेकत नाहीत. बंडी या अर्थाच्या 'व्हेस्ट'मध्ये वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकतात आणि हवा घासत बाहेर येते. तो आपण 'व्ह' असा लिहितो म्हणून त्यात 'ह' मिसळण्याची सवय लागते, ती सोडावी. 'झीरो', 'साइझ' यांतला ध्वनी 'झाड'मधला झ नव्हे: 'स' लांबवत ठेवावा आणि त्यातच आवाज मिसळावा, गळ्यावर ठेवलेल्या बोटांना कंप जाणवला की तो जमला. 'थ्री'मधल्या 'थ'साठी जीभ वरच्या दातांच्या कडेला हलकेच ठेवून हवा सोडत राहावी. पण हा ध्वनी नीट जमला नाही तरी संदर्भाने समजतो, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ घालवू नये.

भूतकाळी क्रियापदांच्या शेवटाकडे शाळेत फारसे लक्ष दिले जात नाही. 'वॉक'चे 'वॉक्ट', 'प्ले'चे 'प्लेड' आणि 'वॉन्ट'चे 'वॉन्टिड' होते. म्हणजे वेगळे अक्षर फक्त ट किंवा ड यांनंतरच वाढते.

हे सारे वाक्यात उतरण्यासाठी मागोमाग बोलण्याचा सराव करावा. बीबीसी लर्निंग इंग्लिशवरचा एखादा छोटा ध्वनिमुद्रित भाग निवडावा आणि रंकाळ्यावर फिरताना कानात लावून, बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे राहून, त्याच चढउतारात म्हणत जावे. रोज नवा भाग घेण्यापेक्षा तोच भाग आठवडाभर घेणे अधिक फळते. आठवड्याच्या शेवटी तो स्वतःच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा, मूळ भागाशेजारी ऐकावा आणि ज्या शब्दांवर जोर चुकला असेल तेच पुढच्या आठवड्याच्या यादीत घ्यावेत.