सायनस लिफ्टला जाण्याआधी

वरची दाढ काढून बरीच वर्षे लोटली की तिथले हाड झिजते आणि वरची सायनसची (नाकाशेजारची हवेची) पोकळीही खाली उतरते, म्हणूनच इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे कृत्रिम दाताचे मूळ, बसवण्याआधी सायनसचा तळ उचलून तिथे हाड भरावे लागते; हीच सायनस लिफ्ट. किती भरायचे, हे साध्या एक्स-रेवर नेमके कळत नाही. त्यामुळे सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन करून घ्यावा आणि शिल्लक हाड किती मिलिमीटर आहे, हे डॉक्टरांना विचारावे. ते ४-५ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास बहुधा जबड्याच्या हाडात बाजूने लहान खिडकी पाडून हाड भरतात आणि इम्प्लांट बऱ्याचदा सहा-आठ महिन्यांनी बसवतात, तेव्हा घरचे कार्य किंवा लांबचा प्रवास या हिशेबाने ठरवावा.

भरायचे हाड कशाचे आहे, हे संकोच न करता आधीच विचारावे. ते स्वतःच्या जबड्यातले, दुसऱ्या माणसाचे, गायीच्या हाडापासून केलेले किंवा कृत्रिम असू शकते. भरलेल्या हाडावर घालायचा पडदाही अनेकदा डुकराच्या किंवा गायीच्या कोलॅजेनचा (एका प्रथिनाचा) असतो. ज्यांना हे चालणार नाही, त्यांनी खुर्चीवर बसल्यावर नव्हे, तर पहिल्याच भेटीत सांगावे.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, हाडांच्या ठिसूळपणावर घेतलेली गोळी किंवा इंजेक्शन जुने असले तरी सांगावे आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास तीही लिहावी. मधुमेह असणाऱ्यांनी एचबीए१सीचा (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) ताजा अहवाल जवळ ठेवावा. नाक वारंवार चोंदत असेल, तर आधी कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री काही आठवडे आधीच सोडावी. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

नुसत्या भुलीच्या इंजेक्शनवर काम होणार असेल, तर डॉक्टरांनी मनाई केली नसल्यास हलके खाऊन जावे. गुंगीचे औषध देणार असतील, तर उपाशी राहण्याची वेळ त्यांना विचारावी आणि सोबत माणूस न्यावा. घरी पेज, गार ताक, मऊ भात, बर्फाची पिशवी आणि एक जास्तीची उशी तयार ठेवावी. पुढचे दोन-तीन आठवडे नाक शिंकरणे, स्ट्रॉने पिणे, कपालभाती, जलनेती, आरतीचा शंख फुंकणे हे सारे बंद, कारण त्या दाबाने सायनसच्या आतले नाजूक अस्तर फाटू शकते. शिंक आलीच, तर ती दाबू नये, तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी.