त्वचारोपणाच्या जखमेवर व्हिटॅमिनची कॅप्सूल चोळताय? या चुका टाळा

भाजल्यावर किंवा अपघातानंतर मांडीची कातडी काढून जखमेवर लावलेला पेशंट घरी आला, की जळगाव-भुसावळकडे भेटायला येणारा जो तो एक इलाज सांगून जातो. सगळ्यांचा आवडता म्हणजे व्हिटॅमिन ई: कॅप्सूल सुईने टोचायची, तेल पिळायचं आणि टाक्यांवर चोळायचं.

कृपा करून हे करू नका. 1999 च्या एका छोट्या अभ्यासात ऑपरेशनच्या ताज्या व्रणाच्या अर्ध्या भागावर व्हिटॅमिन ई घातलेलं मलम लावलं, अर्ध्यावर त्याविना. 90 टक्के व्रणांत ई मुळे काही फरक पडला नाही किंवा व्रण उलट बिघडला. साधारण तिघांतल्या एकाला तर तिथे ॲलर्जीच झाली.

चोळणं तर त्याहून वाईट. लावलेली कातडी पहिले दोनेक दिवस खालून झिरपणाऱ्या द्रवावरच जगते. मग बारीक रक्तवाहिन्या जुळू लागतात आणि आठवडाभरात रक्तपुरवठा सुरू होतो. तेवढ्यात ती जराशी सरकली, तर जुळत आलेल्या वाहिन्या तुटतात. म्हणून 'बघू तरी' म्हणत ड्रेसिंग उघडू नका.

व्हिटॅमिन सी शिवाय शरीराला पक्कं कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, बांधता येत नाही, हे खरं. पण ते पोटातून द्या: आवळा, पेरू, लिंबू. सोबत डाळ, अंडी, दूध हवंच. लिंबाचा रस जखमेवर नको. बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्यांना डॉक्टर कधी व्हिटॅमिन ए देतात; दुकानातली रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चाच एक प्रकार) क्रीम मात्र ताज्या जखमेला झोंबते. तंबाखू, बिडी, मशेरी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि या कातडीचा जीव त्यांच्यावरच असतो.

जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तेलाची पाळी येते. पातळ थराच्या रोपणात तेलग्रंथी फारशा येत नाहीत, कातडी कोरडी पडते, खाजते. मग रोज साधं खोबरेल हलक्या हाताने लावा. खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात ती जागा सुती कापडाने झाका, नाहीतर डाग गडद होतो. व्रण जाड होत असेल तर सिलिकॉन जेलबद्दल विचारा.

घाण वास, पू, ताप, वाढतं दुखणं किंवा काळी पडणारी कातडी दिसली, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा.