दहा अंकी संख्येची फोड कागदावर कशी करावी

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. वहीवर लिहा: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजेच २ चा ३२ वा घात अधिक १. हिच्या धाकट्या बहिणी, म्हणजे २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात अधिक १: ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, साऱ्या मूळ संख्या. तेव्हा हीही मूळच असणार, असा फ्रेंच गणिती फर्मा यांचा सतराव्या शतकातला होरा. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी तो खोटा ठरवला. तेच काम आपण करू.

आधी सोप्या गोष्टी उरका. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. पूर्ण वर्गही नाही, कारण वर्गाच्या एकक स्थानी ७ येतच नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नेही भाग जात नाही.

आता खरी मेख. वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथवर ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसलात तर आठवडा जाईल! म्हणून भागण्याआधी चाळणी लावा. आपल्या या संख्येचा मूळ विभाजक १२८ च्या पटीत १ मिळवूनच मिळतो, हे फ्रेंच गणिती ल्युका यांनी १८७८ मध्ये दाखवलं. (ऑयलर यांच्या हाती ६४ ची पट होती, त्यांना थोडे जास्त कष्ट पडले असणार.) यादी करा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. १२९ आणि ५१३ ला ३ ने भाग जातो, ३८५ ला ५ ने. उरल्या दोनच.

तपासताना मोठा भागाकार मांडू नका, बाकीचा वर्ग करत चला. २ चा आठवा घात २५६. २५७ ने भागायचं तर बाकी उणे १ धरा; वर्ग केला की १, पुन्हा १, त्यात १ मिळवून २. भाग जात नाही.

६४१ साठी: २५६ चा वर्ग ६५,५३६, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६. आणि ६४१ × ३७ = २३,७१७. एकच कमी! म्हणजे बाकी उणे १, त्यात १ मिळवला की शून्य. सापडला.

भागाकार येतो ६७,००,४१७. इथे थांबायचा मोह होतो, पण हीसुद्धा तपासायला हवी. तिचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. त्याच चाळणीतून २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्याच उरतात. पाचांपैकी कुणीच भागत नाही, म्हणून ती मूळ.

फोड हाती आली की बाकीचं झटपट निघतं. विभाजक चार, त्यांची बेरीज ६४२ × ६७,००,४१८ = ४,३०,१६,६८,३५६.

एक गंमत राहिली. ही संख्या ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, हे उघड आहे. पण ६२,२६४ आणि २०,४४९ यांचे वर्ग मिळवून पाहा, तीच येते. आणि हा २०,४४९ स्वतः १४३ चा वर्ग आहे.