स्ली हेडची फेरी : कुटुंबासह एका दिवसाची आखणी

आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील केरी परगण्यात जाणाऱ्यांना बहुतेक जण आधी रिंग ऑफ केरी सुचवतात. ती प्रदक्षिणा सुमारे १७९ किलोमीटरची असल्यामुळे लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असताना दिवसाचा मोठा भाग गाडीतच जातो. अशा कुटुंबाने डिंगल गावातून निघून तिथेच परतणारी, स्ली हेड या भूशिराला वळसा घालणारी फेरी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे अंतर जेमतेम ४७ किलोमीटर आहे. तरीही त्यासाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ राखून ठेवावा.

फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच करावी. पर्यटकांच्या बस याच दिशेने जातात, त्यामुळे अरुंद वळणावर बस समोरून येण्याचा प्रसंग सहसा येत नाही. शिवाय आयर्लंडमध्ये वाहने डावीकडून चालत असल्याने समुद्र आपल्याच बाजूला राहतो. चालक उजवीकडे बसतो. म्हणून ज्यांना डोळे भरून समुद्र पाहायचा आहे, त्यांना डावीकडे बसवावे.

गाडी शक्यतो लहान घ्यावी. ऑटोमॅटिक हवी असल्यास बरीच आधी नोंदवावी, कारण भाड्याच्या गाड्यांमध्ये गिअरच्या गाड्यांचे प्रमाण मोठे असते. दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या आणि ३६ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांसाठी योग्य बालआसन कायद्याने बंधनकारक आहे. इंधन डिंगलमध्येच भरून घ्यावे आणि पंपावर हिरवी नळी पेट्रोलची व काळी डिझेलची, हे लक्षात ठेवावे.

हा गेलटाक्ट, म्हणजे आयरिशभाषक प्रदेश असल्याने पाट्यांवर गावांची नावे आयरिशमध्ये असतात. व्हेंट्री, डन्क्विन, बॅलिफेरिटर यांची आयरिश नावे आदल्या रात्रीच कागदावर उतरवून तो कागद शेजारी बसणाऱ्याच्या हाती द्यावा. ‘गेल श्ली’ अशी पाटी दिसली, तर समोरच्याला वाट द्यावी.

पहिला थांबा व्हेंट्रीच्या पुळणीवर घ्यावा. मुलांना वाळूत मनसोक्त धावता येते. पुढे फाहानजवळ मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दगडी झोपड्या आहेत. त्या खासगी जमिनींवर असल्याने प्रवेशासाठी काही युरो मोजावे लागतात, म्हणून सुटे पैसे जवळ असावेत. तिथून थोड्याच अंतरावर डोंगरावरून आलेला ओढा थेट रस्त्यावरूनच वाहतो. तिथे पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढे जावे आणि खिडक्या खाली करून चाकांखालचा पाण्याचा आवाज मुलांना ऐकू द्यावा.

यानंतरचा रस्ता सर्वांत अरुंद आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, आणि मध्ये कधी कधी रस्त्यातच ठाण मांडलेली मेंढरे! समोरून गाडी आली, तर रुंद जागा ज्याच्या मागे जवळ असेल त्याने मागे सरकावे. वाट मिळाल्यावर स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून आभार मानण्याची तिथली रीत आपणही पाळावी. दृश्य कितीही मोहक असले, तरी गाडी वळणावर न थांबवता आखून दिलेल्या जागीच थांबवावी. कुमिनूलच्या पुळणीवर जरूर उतरावे, परंतु तिथले प्रवाह धोकादायक असल्याने पाण्यात जाऊ नये.

डन्क्विनला सर्वाधिक वेळ द्यावा. धक्क्याकडे उतरणारी नागमोडी वाट चालण्यासाठीच आहे, गाडी वरच ठेवावी. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना वरूनही ब्लॅस्केट बेटे छान दिसतात. ग्रेट ब्लॅस्केटवरील शेवटच्या रहिवाशांना १९५३ मध्ये मुख्य भूमीवर हलवण्यात आले. त्यांचे जगणे आणि त्या इवल्या वस्तीतून निर्माण झालेले साहित्य डन्क्विनच्या ब्लॅस्केट केंद्रात पाहायला मिळते. अटलांटिकवरचे हवामान घटकेत पालटते. पाऊस किंवा धुके आल्यास या केंद्रात तासभर काढावा, तोवर अनेकदा बेटे पुन्हा दिसू लागतात.

परतीच्या वाटेवर गॅलरसचे प्रार्थनास्थळ आहे. पालथ्या होडीच्या आकाराची ही वास्तू चुन्याविना, दगडावर दगड रचून उभी केलेली आहे. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे, म्हणजे पूर्वेकडच्या लहानशा खिडकीतून येणारा उजेड दगडांवर कसा पसरतो ते मुलांना दाखवता येईल. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे इथून डिंगलला परतण्याची घाई करावी लागत नाही.