डेलियाची रोपं कोलमडत होती, त्यावरचा उपाय

पुण्यात पाऊस ओसरला की मी डेलियाचं बी पेरते. उगवायचं छान, पण दोन पानांवरची रोपं रातोरात मातीलगत काळी पडून आडवी व्हायची. ही बुरशी. ओल आणि कोंदट हवा मिळाली की फोफावते.

शेणखत-माती बंद केली. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि धुतलेली वाळू घेऊन बी अर्धा सेंटिमीटर खोल, विरळ टाकलं. पाणी वरून अजिबात नाही. ट्रे परातीत ठेवून खालून शोषू द्यायचं, तेही वरचा थर सुकल्यावरच. अंकुर दिसताच झाकलेलं प्लास्टिक काढलं. बहुतेक रोपं जगली. वीतभर झाल्यावर शेंडे खुडले.

बियांपासून आलेल्या फुलांचा रंग मात्र मूळ झाडासारखा येईलच असं नाही (मला तीच गंमत वाटते). आवडलेल्या रोपाचे कंद जपायचे, तोच रंग पुढच्या वर्षी मिळतो.